कागद, कात्री आणि खळ

(गणेशोत्सवाच्या तयारीसाठी बोलावलेल्या सभासदांच्या सभेत केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना जसं आलं तसंच ठेवलं, मधले चहाचे व्यत्यय तेवढे काढले.)



चेअरमनसाहेबांनी मला विषय दिला, "घरच्या घरी कागदाची सजावट." वर म्हणाले, काका, पंधरा मिनिटं बोला, मुलांना मजा येईल. मुलांना मजा येईलच. पण मी आज मुलांपेक्षा मोठ्यांशी बोलणार आहे. पंधरा मिनिटांत आवरेल याची खात्री देत नाही. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एकदा हिशेब मांडायला दिला की तो शेवटची बेरीज करेपर्यंत उठत नाही.

तर हिशेबापासूनच सुरुवात करू. यंदा सोसायटीचं पंचविसावं वर्ष. म्हणून गणपतीची सजावट दणक्यात करायची असं कमिटीत ठरलं, आणि एका डेकोरेटरकडून कोटेशन मागवलं. ते मला वाचायला दिलं. रक्कम रुपये 42,000. त्यात काय काय आहे? मागे लावायचा फ्लेक्स, फोमचे चार खांब, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, सोनेरी चकमकीच्या कापडाची झालर, लायटिंग, आणि लावणे-काढणे मजुरी. दहा दिवसांनी फ्लेक्स आणि फुलं तो घेऊन जाणार आणि दुसऱ्या सोसायटीत नवरात्राला लावणार. म्हणजे आपण 42,000 देऊन दहा दिवसांसाठी भाड्याने आणलेला मांडव. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याचा तो धंदा आहे. कोटेशन सरळ आहे, बेरीजही बरोबर आहे, मी दोनदा तपासली.

माझी सूचना अशी आहे की यातलं लायटिंग ठेवावं. ते सुमारे 9,000 चं आहे आणि वायरिंगचं काम माहितगार माणसानेच करावं. बाकी सगळी सजावट आपण कागदाची, आपल्या हाताने करावी. त्याला माझ्या हिशेबाने 3,000 च्या आत खर्च येतो. उरलेल्या तीस हजारांचं काय करायचं ते मी शेवटी सांगतो. बी विंगमधली ज्येष्ठ मंडळी आत्ताच हसायला लागली आहेत, त्यांना अंदाज आला आहे.

आता काहींच्या मनात येईल की कागदाची सजावट म्हणजे शाळेच्या गॅदरिंगसारखं दिसणार. पंचविसाव्या वर्षी हे असलं? त्यासाठी थोडं मागे जातो.

आमच्या लहानपणी सजावट म्हणजे कागदच. बेंदराला बैलांची शिंगं रंगवायची, त्यावर बेगड चिकटवायचा, शिंगांच्या टोकाला गोंडे. गावच्या जत्रेला देवळापासून वेशीपर्यंत पताका. लग्नाच्या मांडवात पताका, पंधरा ऑगस्टला शाळेत तीन रंगांच्या पताका. गणपतीच्या मखराला पुठ्ठा, घोटीव कागद, आणि हौस असली तर कापलेली जाळी. पुढे आमच्या नोकरीच्या काळात थर्मोकोल आला आणि बघता बघता सगळं त्याने खाऊन टाकलं. थर्मोकोल कापायला सोपा, हलका, पांढराशुभ्र, लांबून संगमरवरासारखा दिसणारा. मग ताजमहाल झाले, राजवाडे झाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तेच राजवाडे तुकडे होऊन नदीच्या काठाला लागलेले. 2018 साली महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्मोकोलवरही बंदी आणली. उत्पादक कोर्टात गेले, पण त्या वर्षीच्या गणपतीला उच्च न्यायालयाने सूट दिली नाही. थर्मोकोल गेला. पण आपण कागदाकडे परत आलो का? नाही. आपण फोम आणि प्लास्टिकच्या फुलांकडे गेलो. आपल्या जिल्ह्यात आणि सांगलीकडे झेंडू-शेवंती करणारे शेतकरी आहेत, त्यांना विचारा प्लास्टिकच्या फुलांबद्दल त्यांचं काय मत आहे ते.

कागदाचं काम हलकं, पोरकट, असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगली जिल्ह्यात कडेगावला जाऊन यावं. मी विट्याच्या शाखेत असताना मोहरमला मुद्दाम गेलो होतो. तिथले ताबूत शंभर फुटांच्या वर जातात. शंभर फूट म्हणजे आपल्या या बिल्डिंगवर अजून दोन बिल्डिंगा ठेवा. आत कळकाचा सांगाडा, अष्टकोनी, आणि बाहेरून रंगीत कागद. बांधण्याची पद्धत उलटी, आधी कळस मग पाया. वरचा मजला जमिनीवर करायचा, तो उचलायचा, त्याच्या खाली पुढचा. असं करत करत वर चढवायचं. काही ताबूत मुसलमान घराण्यांचे, काही हिंदू मानकऱ्यांचे. शेवटच्या दिवशी एवढाले ताबूत माणसांच्या खांद्यावरून येतात आणि एकमेकांना भेटतात. ते हलतात तेव्हा कागद वाजतो. खाली उभं राहून मान वर केली की पोटात गोळा येतो. मी तिथे एका म्हाताऱ्या कारागिराला विचारलं, एवढं उंच, वारा आला तर? तो म्हणाला, "साहेब, वारं कागदाला कळतं." मला ते तेव्हा नीट समजलं नाही. पण ताबूत उभा राहिला होता हे खरं.

दुसरं उदाहरण सांगलीच्या गणपती मंदिरातलं. सगळ्यांच्या घरी गणपती चतुर्थीला बसतो. तिथे प्रतिपदेलाच एक गणपती गुपचूप येऊन बसतो, त्याला चोर गणपती म्हणतात. ती मूर्ती कागदाच्या लगद्याची आहे. तिचं विसर्जन करत नाहीत, ती सांभाळून ठेवतात, दर वर्षी पुन्हा बसवतात. पटवर्धन संस्थानिकांच्या काळापासून चालत आलेली प्रथा. तेव्हा कागद देवाला चालतो की नाही, हा प्रश्न सांगलीकरांनी कधीच निकालात काढला आहे.

आणि तिसरं उदाहरण लांबचं नाही, याच पार्किंगमधलं आहे. 2019 आठवा. ऑगस्टमध्ये सांगलीला पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. माझी धाकटी बहीण गावभागात राहते, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर मी गेलो तर घरात चिखल आणि भिजून फुगलेले कागद. पासबुकं, रेशनकार्ड, मुलीच्या मार्कलिस्टा, लग्नाचा अल्बम. ती एकेक पान सुटं करून दोरीवर टाचत होती. तिकडे कपडे वाळत घालायच्या आधी लोकांनी कागद वाळत घातले होते. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 2 सप्टेंबरला, गणपती होते. आपल्या सोसायटीने त्या वर्षी सजावटीचा सगळा पैसा पूरग्रस्तांना पाठवायचा ठराव केला. मग मखराचं काय? तर जोशीकाकूंनी जुनी कॅलेंडरं आणली, देशमुखांनी दुकानातले खोके दिले, आणि चार संध्याकाळी बसून आपण मखर केलं. मला आठवतं तसं तुम्हालाही आठवत असेल. पंचवीस वर्षांत पंचवीस सजावटी झाल्या. त्यातली लोक अजून कोणत्या वर्षाची काढतात? मी परवा सहज सात-आठ जणांना विचारलं. सगळ्यांनी तीच सांगितली. मागच्या वर्षी मागे कसला देखावा होता हे एकालाही सांगता आलं नाही.

बरं, आता मुलांनी पुढे या. इथून पुढे प्रत्यक्ष काम.

आधी कागद ओळखायचा. हा घोटीव कागद, एका बाजूने रंगीत चकचकीत, मागून पांढरा. हा पतंगाचा, पातळ, दोन्हीकडून रंग, यातून उजेड जातो. हा क्रेप, चुण्यांचा, ओढला की ताणतो, फुलांसाठी उत्तम. फक्त ओला झाला की याचा रंग जातो, पांढऱ्या शर्टावर पडला तर शर्ट गेला म्हणून समजा. ही कार्डशीट, जाड. आणि ही रद्दी, जी प्रत्येकाच्या घरात फुकट आहे.

प्रत्येक कागदाला एक सरळ दिशा असते. वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा, सुरी लावल्यासारखं सरळ फाटतं. आता आडवं फाडा. बघा, कसं वेडंवाकडं गेलं. कागद तयार होताना आतले तंतू एका दिशेने बसतात, म्हणून असं होतं. घडी घालताना सरळ दिशेला घातली तर ती धारदार बसते, आडवी घातली तर मोडते, भेगा पडतात. जाड कार्डशीटला दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघायचं. जिकडे कमी अडते ती सरळ दिशा. हे एवढं कळलं की अर्धं काम सुबक होतं, आणि हे कुठल्याही रेडिमेड किटच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

चिकटवायला खळ. फेव्हिकॉल चालतो, पण एवढ्या कामाला बाटल्यांवर बाटल्या लागतील. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा कालवून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी घालून मंद गॅसवर ठेवायचं आणि सारखं ढवळायचं. हात थांबला की गुठळी झालीच. रंग दुधी जाऊन काचेसारखा झाला, डावाला चिकटायला लागली की उतरवायची. गार झाल्यावर वापरायची. पूर्वी यात मोरचूद घालत, म्हणजे कीड लागत नाही, झुरळं कागद खात नाहीत. पण मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुलं आहेत, आपल्याला दहाच दिवसांचं काम आहे, तेव्हा मोरचूद घालायचा नाही. रोज लागेल तेवढीच खळ करायची. उरली तर फ्रीजमध्ये, झाकणावर चिठ्ठी लावून. सुनबाईंनी कढी समजून गरम करायला नको.

खळ पातळ लावायची हेही लक्षात ठेवा. जास्त लावली की कागद फुगतो, वाळताना आखडतो. बोटाने लावा, ब्रशने नको. बोटाला किती लागली ते कळतं.

आता पताका. हा माझ्या हातातला ताव 20 बाय 30 इंचांचा आहे. याचे 5 बाय 10 चे तुकडे करा, बारा निघतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडून दोऱ्यावर घालायचा, आत खळ लावून दाबायचा, म्हणजे 5 इंचांचा दुपदरी चौकोन लोंबतो. वाळला की खालून त्रिकोण कापायचा. दोन पताकांमध्ये 2 इंच अंतर. म्हणजे एका पताकेला 7 इंच दोरा, बारांना 84 इंच, सात फूट. गेटपासून जिन्यापर्यंत आपलं अंतर मी परवा टेप लावून मोजलं, सत्तर फूट भरलं. दहा ताव झाले. एका बाजूचं झालं, दुसऱ्या बाजूचे आणखी दहा. वीस ताव. आता कोणी हुशार म्हणेल, काका, चौकोनाऐवजी शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापले तर कागद वाचेल. वाचेल, जवळजवळ निम्मा वाचेल. पण पहिलीतल्या मुलाला शंकरपाळं कापता येत नाही आणि मला त्याच्या हातात कात्री द्यायची आहे. तिथे थोडा कागद वाया गेला तरी चालेल.

हे सगळं पार्किंगच्या आतल्या बाजूला, बरं का. भाद्रपद आहे, साताऱ्याचा पाऊस आहे. बाहेर कागद टिकणार नाही. गेटवर कापडी पताका लावू, त्या आपल्याकडे दोन वर्षांपूर्वीच्या आहेत, धुऊन घेतल्या की झालं.

जाळी हा माझा आवडता भाग. चौकोनी कागद घ्या. अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा, मग कर्णावर. तीन घड्या, आठ पदर. आता मध्ये एक भोक पाडलं तर उलगडल्यावर आठ भोकं. घडीच्या कडेवर अर्धं पान कापलं तर उलगडल्यावर चार पूर्ण पानं. कडेवर कापताना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कात्री न्यायची नाही, नाहीतर जाळी दोन तुकड्यांत हातात येते. मेक्सिको देशात असेच कापलेल्या कागदाचे झेंडे सणाला रस्त्यावर बांधतात, मी फोटो पाहिले आहेत. आपल्या पताकांचीच भावंडं वाटतात. माझे वडील देव्हाऱ्यामागे लावायला जाळी कापत. मोर समोरासमोर, मध्ये कळस, खाली वेल. आधी पेन्सिलीने काही काढत नसत, सरळ कात्री चालवत. ती मी त्यांच्याकडून शिकलो.

आता इथे एक गोष्ट सांगतो, ती सांगायचीच म्हणून आज उभा राहिलो. माझा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. सही करताना चालतं, बँकेतला मुलगा ओळखतो, समजून घेतो. पण मोराची मान कापायला हात स्थिर लागतो. तो आता राहिला नाही. परवा प्रयत्न केला, तीन मोर बिनमानेचे झाले. माझ्या डोक्यात जाळ्यांचे वीस-बावीस नमुने आहेत, कुठे दुमडायचं, कुठून शिरायचं, कुठे थांबायचं. कागदावर काढून ठेवता येतील असं मला वाटायचं, पण काढलेल्या चित्रावरून ते येत नाही. शेजारी बसून, कात्री कशी फिरते ते बघून येतं. कात्री नाही फिरवायची, कात्री स्थिर धरायची आणि कागद फिरवायचा, एवढी एक गोष्टसुद्धा लिहून सांगितली तर कोणी ऐकत नाही. तेव्हा मला चार-पाच जण पाहिजेत. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं चालतील, आयाबाया चालतील, रिटायर झालेले तर फारच चालतील. मी सांगेन, तुम्ही कापा. हे पुढच्या वर्षी करू असं मला म्हणता येत नाही.

असो. कंदिलाकडे येतो.

कार्डशीट 22 बाय 28 ची मिळते. लांबीत दुमडा, म्हणजे 11 बाय 28 ची दुहेरी पट्टी होईल. घडीकडून एकेक इंचावर काप घ्या, वरच्या सुट्या कडेला दोन इंच शिल्लक ठेवा. उघडा. आता पतंगाच्या कागदाचा 18 बाय 28 चा तुकडा कापून त्याची नळी करा, ही आतली. बाहेरची कार्डशीट तिच्याभोवती गुंडाळून वरची कड वरच्या कडेला, खालची खालच्या कडेला चिकटवा. बाहेरचा कागद आतल्यापेक्षा चार इंच जास्त आहे, त्यामुळे तो आपोआप फुगतो आणि कापांमधून आतला रंग दिसतो. खाली झिरमिळ्या. त्या करताना पट्ट्या अगदी बारीक कापा, बोटभर रुंद झिरमिळी दिसायला आळशी दिसते. असे बारा कंदील केले की पार्किंगचा प्रत्येक खांब सजतो, आणि तेच दिवाळीला प्रत्येक मजल्यावर लागतात. डेकोरेटरच्या मालाला ही सोय नाही.

कंदिलात छोटा एलईडी दिवाच लावायचा. पणती नाही, मेणबत्ती नाही, जुना तापणारा बल्ब नाही. मखराचा कागद समईपासून आणि आरतीच्या कापरापासून निदान हातभर लांब. आरती फिरवताना उत्साहात हात कुठे जातो याचं भान राहत नाही, म्हणून झिरमिळ्या आरतीच्या बाजूला लावायच्याच नाहीत. पाण्याची बादली आणि सोसायटीचं आग विझवायचं नळकांडं मांडवाजवळ. सेक्रेटरीसाहेब, ते भरून आणायची तारीख उलटली आहे, मी लेबल बघितलं.

छोट्यांसाठी एक गंमत. ही पट्टी बघा. नोटांच्या पुडक्याला बँकेत कागदी पट्टी लावतात, तसली. पूर्वी पुडक्याला स्टेपल मारायचे, नोटा फाटायच्या, मग रिझर्व्ह बँकेने ते बंद करून पट्ट्या लावायला सांगितल्या. आमची बोटं तेव्हा बरी झाली. तर ही पट्टी घ्या, दोरीला मारतो तशी साधी गाठ मारा आणि हळूहळू ओढत चपटी करा. जोरात नाही. काय झालं? पंचकोन. पाचही बाजू सारख्या. कंपास नाही, कोनमापक नाही. आता एक टोक मागे दुमडून उजेडासमोर धरा. आत चांदणी दिसली? दिसली ना! अशा शंभर करा, दोऱ्यात ओवा, मखराच्या मागे सोडा. पुण्याला आयुकात अरविंद गुप्ता नावाचे गृहस्थ कित्येक वर्षं अशाच टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवत होते. आयआयटीत शिकलेला माणूस, 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत. आपल्या सोसायटीच्या कपाटात ठेवावीत, त्या कपाटात सध्या फक्त जुने अहवाल आहेत आणि ते कोणी वाचत नाही, मी लिहिलेले असूनही.

लग्नपत्रिकांबद्दल बोलायलाच हवं. प्रत्येक घरात पत्रिकांचा गठ्ठा असतो. जाड उत्तम कागद, सोनेरी छपाई, आणि वर गणपती. तो गणपती आहे म्हणून रद्दीत टाकायला मन होत नाही आणि ठेवायलाही जागा नाही. या सगळ्या पत्रिका आणा. गणपतीची चित्रं व्यवस्थित कापून वेगळी काढू, त्यांची एक मोठी चौकट मखराच्या वर करू. पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीतल्या मुलामुलींची किती लग्नं झाली, त्या सगळ्यांच्या पत्रिकांवरचे गणपती एका चौकटीत. नावं नकोत, फक्त गणपती. ज्यांच्या घरी जपून ठेवलेली एखादीच प्रत आहे त्यांनी ती आणू नये, झेरॉक्स आणावी. उरलेल्या पुठ्ठ्याच्या पाकळ्या, करंज्या, काय पाहिजे ते होतं. कॅलेंडरच्या पानांचा कागदही चांगला असतो, फक्त त्यातल्या दुधाच्या आणि पेपरच्या नोंदी आधी बघून घ्या. आमच्या घरी एकदा मे महिना कंदिलात गेला आणि दूधवाल्याचा हिशेब त्याच्या शब्दावर द्यावा लागला.

आता "गावठी दिसेल" या मुद्द्यावर. गावठी दिसतं ते कागदामुळे नाही, रंगांच्या गर्दीमुळे. दुकानात बारा रंग मिळतात म्हणून बाराही आणायचे नसतात. यंदा दोनच रंग घ्यावेत असं मी सुचवतो, शेंदरी आणि पांढरा. फार तर पानांना थोडा हिरवा. चमकी अजिबात नाही. चमकी म्हणजे बारीक प्लास्टिकच, ती वर्षभर फरशीच्या फटीतून निघत राहते. ज्यांना सोनेरी पाहिजेच आहे त्यांनी पत्रिकांची सोनेरी कड वापरावी.

आणि "वेळ कुणाला आहे" हा मुद्दा. नोकरी करणाऱ्यांना नाही, मान्य. त्यांच्यावर मी काम टाकणार नाही, त्यांनी रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास येऊन दोरे बांधावेत, शिडीवर चढावं. चढायचं काम आमच्याकडे देऊ नका. पण या 48 फ्लॅटमध्ये सत्तरीच्या पुढची आम्ही बावीस माणसं आहोत. मी यादी केली आहे. त्यातल्या नऊ जणांची मुलं पुण्याला किंवा परदेशात. दुपारी दोन ते पाच आमच्या घरी टीव्ही चालू असतो, तो कोणी बघत नसतं, आवाज असावा म्हणून चालू असतो. आमच्यापैकी एका वहिनींचे यजमान गेल्या पौषात गेले. त्या त्यानंतर खाली उतरलेल्या मी पाहिल्या नाहीत. मी परवा वर जाऊन त्यांना एवढंच विचारलं, की क्रेपचा झेंडू तुम्हाला येतो ना? तुमच्या हातचा मी 2019 ला पाहिला होता. त्या म्हणाल्या, येतो, पण कागद तुम्ही आणून द्या, मी घरी करीन. मी म्हटलं, कागद खाली मिळेल. आज त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. मी नाव घेत नाही.

शिल्लक रकमेचं राहिलं. बी विंगच्या जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे. लिफ्ट नाही, होणार नाही. ज्याचा उजवा हात चालत नाही त्याने उतरताना काय धरायचं? दोन वर्षं हा विषय सभेत येतो आणि "निधीअभावी पुढील वर्षी" असं लिहून पुढे जातो. ती नोंद मीच दोनदा सुवाच्य अक्षरात केली आहे. फॅब्रिकेटरकडून मी दर घेतला आहे. तीन मजल्यांना, दोन्ही टप्प्यांना, भिंतीच्या बाजूने लोखंडी कठडा, रंगासहित 28,500. वाचलेल्या पैशात बसतो आणि पंधराशे उरतात, त्यात आग विझवायचं नळकांडं भरून येईल. पंचविसाव्या वर्षाची सजावट म्हणून हाच खर्च इतिवृत्तात दाखवावा असा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देणार ते आपसात ठरवा. एकाच वेळी सगळे उठू नका, बी विंगवाल्यांनी तर सावकाश.

ठराव मंजूर होवो न होवो, काम रविवारी दुपारी साडेतीनला पार्किंगमध्ये सुरू होईल. कार्डशीट, ताव आणि दोरा मी राजवाड्यावरून आणून ठेवतो, बिल कमिटीला देतो. खळ कुलकर्णीवहिनी करणार आहेत. आपापली कात्री आणा, दांड्याला नाव लिहिलेला कागद चिकटवून आणा, कारण कात्र्या बदलतात आणि मग वर्षभर भांडणं होतात. पत्रिका आणा, जुनी कॅलेंडरं आणा, मे महिना बघून आणा. आणि ज्यांना जाळी शिकायची आहे त्यांनी माझ्या डाव्या बाजूला बसा, उजव्या हाताचा धक्का लागतो.